तोंडावरचा काळा रंग

१

ती खोली दुसऱ्या मजल्यावर होती की तिसऱ्या, यावर आज मी पैज लावणार नाही. खिडकी उत्तरेला होती एवढं नक्की, कारण चित्रं दुरुस्त करणारे उत्तरेचाच उजेड घेतात. पण हे 'नक्की' मला आठवतंय की मी तर्कानं काढतोय, हेही सांगता येत नाही. जन्म दुसऱ्यांच्या चित्रांचे अर्थ लावण्यात गेला. त्यामुळे जे असायला हवं ते मला आधी दिसतं आणि जे असतं ते मागाहून, तेही कुणी बोट दाखवलं तर. ही खोड तेव्हाही होती. ती महाग पडली माझ्या सुनेला.

सून एका संग्रहालयात जुनी चित्रं दुरुस्त करायची. मी नुकताच कॉलेजातून निवृत्त झालो होतो, बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि मुलाच्या घरात वर्तमानपत्राची घडी मोडणं हे माझं मुख्य काम होतं. संचालकांनी एका चित्रावर भाष्य लिहायला मला बोलावलं, ते बहुधा सुनेच्या शब्दाखातर. मी ते माझ्या विद्वत्तेखातर आहे असं धरून चाललो.

रोज नऊच्या बसनं आम्ही दोघं निघायचो. तिच्या हातात डबा, माझ्या हातात वही. संग्रहालयाचा एक नियम होता. वरवरचा मळ दुरुस्तीवाल्यानं आपल्या अखत्यारीत काढावा, पण चित्रातला झाकलेला भाग उघडायचा असेल तर भाष्यकाराची लेखी सही हवी. खाली काय असायला हवं आणि का, ते त्यानं लिहून द्यायचं. म्हणजे हात तिचा, पण जबाबदारी माझी.

२

चित्र माणसाहून उंच होतं. काळा, पांढरा आणि मधल्या करड्या छटा, बस्स. रंग म्हणून दुसरा ठिपका नाही. मधोमध खुर्चीत एक बाई, मान मागे टाकलेली, गळा ताणलेला. तिच्याभोवती तीन पुरुष. एकाच्या हातात दिवा होता, आणि त्याचा उजेड तिच्या गळ्यावर असा पडला होता की तिथला पांढरा डोळ्यांना टोचायचा. दुसऱ्याच्या हातात लांब दांड्याचा चमचा. तिसऱ्यानं तिच्या चेहऱ्यासमोर आरसा धरलेला. खाली उपडा वाडगा, कोपऱ्यात पाठ फिरवून बसलेला कुत्रा. तिचं तोंड तेवढं दिसत नव्हतं. नाकाखालपासून हनुवटीपर्यंत तव्याच्या बुडासारखा काळा थर होता.

असं चित्र म्हणजे माझ्यासारख्याला मेजवानी. दोन दिवसांत मी अर्थ लावून मोकळा झालो. बाई म्हणजे भूक. दिवा ज्ञानाचा, चमचा मोहाचा, आरसा अहंकाराचा. तिघंही भुकेला भरवतात आणि वाडगा उपडाच राहतो. कुत्रा म्हणजे निष्ठा, तिनं आधीच पाठ फिरवलेली. सगळं इतकं नेटकं बसलं की बसमध्ये मी सुनेला तीनदा वाचून दाखवलं.

"छान आहे," ती म्हणाली. "पण बाबा, एखादी वस्तू नुसती वस्तू नसते का हो कधी? कुत्रा कंटाळूनही पाठ फिरवतो."

"चित्रातला कुत्रा कंटाळत नाही."

"मग तो आपल्या घरातल्या माणसांपेक्षा बरा," ती म्हणाली आणि हसली. तिचं हसू मोठं, ओलं, दाढांपर्यंत दिसणारं. शेजारच्या बाकावरची माणसं वळून पाहायची. मला तेव्हा ते जरा जास्तच वाटायचं.

३

तिचं काम पहिल्यांदा जवळून पाहिलं तेव्हा मी खुर्ची मागे सरकवली.

ती काडीला कापूस गुंडाळायची, तोंडात घालायची, जिभेवर घोळवायची, आणि तो ओला बोळा चित्रावर हलक्या हातानं गोल गोल फिरवायची. बोळा काळा झाला की बरणीत टाकायचा, नवी काडी घ्यायची. दिवसाला शे-दीडशे काड्या. संध्याकाळी ती बरणी म्हणजे चघळून टाकलेल्या केसांच्या गुंतवळासारखी दिसायची.

"थुंकी?" मी विचारलं.

"थुंकीच. कोमट असते, तेलकट मळ पचवते, रंगाला धक्का लावत नाही. बाटलीतली औषधं जिथे भारी पडतात तिथे हीच. आमच्यात पहिला नियम काय माहितेय? चित्राला लागलेली काडी परत तोंडात घालायची नाही. दमलेला माणूस तीच चूक करतो."

मला मुळात तोंड या अवयवाचीच किळस आहे. माझी कवळी मी दार लावून काढतो. सकाळी ती पेल्यातल्या पाण्यात बुळबुळीत होऊन पडलेली असते, आणि ही वस्तू रात्रीपर्यंत माझ्या आत होती हे मला दर सकाळी नव्यानं पटवून घ्यावं लागतं. दुसऱ्याच्या जेवणाचा आवाज सहन होत नाही म्हणून मी आधी जेवून घेतो. अशा माणसानं भुकेवर भाष्य लिहावं यात विनोद होता. तो मला दिसला नाही, झाडूवाल्या मावशींना दिसला.

"आम्ही लहानपणी पाटीवर थुंकलो तर मास्तर झोडायचे," त्या दारातून म्हणाल्या. "हिला त्याचाच पगार मिळतो. आणि सर, तुम्ही नाक मुरडून बसता, ते कशाबद्दल?"

"मी अर्थ लावतो, मावशी."

त्यांनी चित्राकडे पाहिलं. "तो चमचेवाला भरवत नाहीये तिला."

"मग काय करतोय?"

"ते मला काय विचारता? भरवताना माणसाचं स्वतःचं तोंड उघडं पडतं. पोराला भरवणारी बाई बघा कधी. ह्यानं दात आवळलेत."

मी त्यांना मोहाच्या निर्दयतेवर पाच मिनिटं ऐकवलं. त्यांनी ते फरशी पुसत ऐकलं, म्हणजे ऐकलं नाही.

४

तोंडावरच्या थरापाशी पोचली तेव्हा सून थांबली. एक कडा तिनं साफ करून पाहिली होती. बोळा काळा निघाला होता.

"बाबा, हे मला नीट वाटत नाहीये. थुंकीनं रंग निघत नाही. निघाला, म्हणजे मळ. पण मळ असा ठरल्या जागी बसत नाही. गालावर नाही, गळ्यावर नाही, नेमका तोंडावरच?"

"दिव्याची काजळी धरली असेल. किंवा कुणा सोवळ्या मालकाला उघडं तोंड अश्लील वाटलं असेल, त्यानं काजळ फासलं असेल."

"मी माझ्या गुरूंना पत्र टाकते. महिनाभर थांबू."

प्रदर्शन तीन आठवड्यांवर होतं आणि माझं भाष्य छापखान्यात जायचं होतं. इथे मला खरं कारण लिहायला हवं. त्या भाष्याचा सगळा डोलारा एका वाक्यावर उभा होता: भुकेचं तोंड उघडं असलंच पाहिजे. ते उघडं निघालं, तर मी न पाहता सांगितलेलं खरं ठरणार होतं. चाळीस वर्षं वर्गात बोललो, पण असं एकदाही घडलं नव्हतं.

"थुंकीनं निघतंय म्हणजे मळच. तुझंच शास्त्र," मी म्हणालो आणि कागदावर लिहून सही केली. खाली तारीखही टाकली.

तिनं कागद घडी करून खिशात ठेवला. "तुमच्यावर सोडते हं," ती म्हणाली. थट्टेत म्हणाली, असं मला वाटलं. अजूनही तसंच वाटून घेतो.

५

थर निघायला वेळ लागला. दिवसाला दोन बोटं जागा. थराखालून आधी वरचा ओठ आला, मग कडेची सुरकुती. तोंड उघडंच होतं. संचालकांनी माझा हात दोन्ही हातांत धरून हलवला. मी घरी येताना बसमध्ये उगाच उभा राहिलो.

पण आत दात नव्हते. जीभही रंगवलेली नव्हती. नुसता काळा, बाकी चित्रातल्या काळ्याहून गडद, आणि खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला एक बारीक पांढरी रेघ. चित्रकार ओलसरपणा दाखवायला अशी रेघ ओढतात. मी खुर्ची सरकवली, रेघ सरकली. म्हणजे ती रंगवलेली नव्हती. उजेड तिथे खरोखरच चमकत होता.

"ओलं आहे ते," मी म्हणालो.

"माझीच थुंकी असेल, सकाळची."

"आता चार वाजलेत."

तिनं कोरडा कापूस टेकवला. तो ओला झाला. पुन्हा टेकवला, पुन्हा ओला झाला. तिनं तिसऱ्यांदा टेकवला नाही.

दुसऱ्या दिवशी मावशींनी मला जिन्यात गाठलं. "सर, तिला सांगा खाली थुंकू नको म्हणावं. चित्रापुढची फरशी रोज चिकट. मी फडका मारून मारून थकले. आणि वास येतो."

"कसला?"

"झोपेतून उठलेल्या माणसाच्या तोंडाचा."

मी वाकून वास घेतला. आला. पण त्या वेळी माझी नवी कवळी रुतत होती, हिरडी सुजली होती. तो वास माझ्याच तोंडाचा नव्हता असं मी छातीठोकपणे सांगू शकलो नाही, आणि सांगू शकत नाही म्हणून गप्प बसलो.

६

घरी सून पाणी पिऊ लागली. जेवताना प्रत्येक घासावर घोट. मग घास गिळण्याआधी घोट आणि नंतर घोट. मग पाव सुटला, बिस्किट सुटलं. सूप तेवढं राहिलं. बोलताना जीभ टाळूला चिकटून टच्‌ असा आवाज येई. दोन वाक्यांत चार वेळा टच्‌. मी खोलीतून उठून जायचो. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मला तिची काळजी वाटण्याआधी त्या आवाजाची किळस आली.

डॉक्टरांनी तपासलं. ग्रंथी ठणठणीत, रक्त ठणठणीत. "ताण असेल," ते म्हणाले. "तोंड वापरायचं काम करता का? शिक्षिका आहात?"

मुलानं मला गच्चीत नेलं.

"बाबा, तिचं ते काम थांबवा."

"मी कोण थांबवणारा?"

"सही तुमची आहे ना? मग मागे घ्या. दोन ओळी लिहायच्या. चुकलो, म्हणायचं. तुम्हाला जमेल एकदा?"

"चित्राचा आणि तिच्या तोंडाचा संबंध काय? तू शिकलेला आहेस."

"मला संबंध नको, मला ती जेवायला हवीय. सात किलो उतरली ती. काल तिनं आरशासमोर उभं राहून थुंकायचा प्रयत्न केला. दहा मिनिटं. काही आलं नाही."

"मग ती चित्र कशानं साफ करते?" मी विचारलं.

तो प्रश्न आमच्यापैकी कुणीच आधी विचारला नव्हता.

७

त्या दिवशी मी दाताच्या डॉक्टरकडून थेट गेलो, त्यामुळे अकरा वाजले असतील. कवळी घासायला ठेवून घेतली होती. बोळकं तोंड रुमालानं झाकून मी दार ढकललं.

ती चित्राला अगदी खेटून बसली होती. बरणी रिकामी होती. हातात एकच काडी. ती काडी तिनं चित्रातल्या तोंडात फिरवली. तोंडावर नाही, तोंडात. बोळा निथळत बाहेर आला. तो तिनं आपल्या तोंडात घातला, डोळे मिटले, चोखला, आणि पुन्हा तिकडे नेला.

"अगं!"

तिनं शांतपणे मान वळवली. ओठांच्या कडा भेगाळल्या होत्या, त्यात काळं साचलं होतं.

"बाबा, चव येते हो," ती म्हणाली. आवाज वाळलेल्या पानासारखा. "दुसऱ्या कशालाच येत नाही. घरी काही खाते ते भुशासारखं लागतं. इथे तेवढी येते."

मी तिला दंडाला धरून उठवलं. ती इतकी हलकी झाली होती की माझा जोर फुकट गेला आणि आम्ही दोघंही भेलकांडलो. तिला बाहेर मावशींच्या ताब्यात दिलं. मावशींनी तिला कवेत घेतलं आणि तोंड पदरानं पुसलं. आतून कडी मी लावली.

आता मी एकटा होतो, आणि तर्क सोबतीला होता. तर्क म्हणत होता: भिंतीत ओल आहे, ती कापडातून पाझरते. सुनेला ताणामुळे भ्रम झाला आहे. तू उपाशी आहेस. पण चित्र भिंतीला लागून नव्हतं, लाकडी घोडीवर होतं. मागून मोकळं. मी मागे जाऊन पाहिलं. कापड खडखडीत कोरडं.

मी पुढे आलो. जे उघडायला सही केली ते झाकायचं, एवढाच विचार होता. जवळ ना रंग, ना फडका. मी उजवा तळहात चित्रातल्या बाईच्या तोंडावर ठेवला.

कोमट होतं. कापडाचा खरबरीतपणा लागलाच नाही. आपण आपल्या गालाच्या आत बोट घालतो तेव्हा लागतं तसं लागलं. मी दाबून धरलं. पहिला श्वास. दुसरा. मग आतून काहीतरी माझ्या तळहातावरच्या रेषांवरून सावकाश फिरलं. घाई नव्हती त्याला. एक रेष संपवून दुसरी घेतली. वाचत असल्यासारखं.

मी हात काढला. तिसरा श्वास पुरा झाला नव्हता.

हात ओला होता, मनगटापर्यंत. काळा अजिबात नव्हता. मी तो कोटाला पुसला, खिडकीच्या पडद्याला पुसला, पुन्हा कोटाला पुसला. आणि वर पाहिलं तेव्हा ते चित्र मला, मला वाटतं, पहिल्यांदाच दिसलं. चमच्याची वाटी खाली वळलेली होती. चमचेवाला तिचा खालचा ओठ वर दाबत होता, सगळा जोर लावून. आरशाची काच तिच्याकडे नव्हतीच. पाठ तिच्याकडे होती. लाकडी पाठ, झाकणासारखी धरलेली. आणि दिवेवाला तिच्याकडे पाहतच नव्हता. तो चित्राबाहेर पाहत होता, दाराकडे, कुणी मदतीला येतं का म्हणून. बरोबर तिथे, जिथे मी दोन महिने वही घेऊन बसत होतो.

गिळण्याचा आवाज आला. तो माझा असेल. माझं तोंड मात्र कोरडं होतं.

८

मी सही मागे घेतली. 'भाष्यकाराची चूक' एवढे दोनच शब्द लिहिले. संचालक नाराज झाले, प्रदर्शन त्या चित्राशिवाय झालं, माझं भाष्य छापलं गेलं नाही. चित्र तळघरात, तोंड भिंतीकडे करून, ताडपत्रीत. मावशींनी म्हणे दोरी स्वतः आवळली.

सुनेनं ते काम सोडलं. तिच्या तोंडाला पाणी परत आलं नाही. पिशवीत बाटली असते, दर दहा मिनिटांनी एक घोट. चव नाही ती नाहीच. पत्रं लिहून देण्याची नोकरी करते, बोलावं लागत नाही म्हणून. मुलगा दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही. मग बोलू लागला, पण जेवायला माझ्यासमोर बसत नाही, आणि मी त्याला दोष देत नाही. सून बसते. मला अजून बाबा म्हणते. मी तिच्या समोर बसून पूर्ण जेवण संपवतो, ती टच्‌ टच्‌ आवाज करत सूप पिते आणि मी उठत नाही. एवढं एकच मी शिकलो.

या सगळ्याचा अर्थ लावायचा नाही असं मी ठरवलं होतं, आणि सतरा वर्षं पाळलं. गेल्या वर्षी संग्रहालयात सुनेच्या जागेवर आलेल्या बाईंनी जुनं कपाट आवरताना सापडलेला एक लिफाफा पाठवला. साफसफाईआधीची छायाचित्रं. उजेड कडेनं टाकून काढलेली, म्हणजे रंगाचा प्रत्येक उंचवटा आपली सावली पाडतो. मी भिंग लावून बसलो.

तो थर मळ नव्हता. तेलातला काळा रंग होता, जाड, थुंकीनं निघूच नये असा. त्यात कुंचल्याचा एकही फराटा नव्हता. मनगटाकडची बाजू हनुवटीवर, चार बोटं गालाकडे: तो तळहात होता. त्यावरच्या रेषा इतक्या स्वच्छ उमटल्या होत्या की मोजता आल्या. कुठे घसरल्याची खूण नाही. ओल्या रंगातून हात उचलला तर रंग ताणून वर येतो, टोकं निघतात. तशी टोकं नव्हती. हात रंग सुकेपर्यंत तिथेच असला तरच असा ठसा उरतो.

उभी हयात रंगाच्या कारखान्यात गेलेल्या एका गृहस्थांना मी छायाचित्राची प्रत धाडली, आणि हा रंग सुकायला किती दिवस लागतील एवढंच विचारलं. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं. काळा सगळ्यात सावकाश सुकतो. या जाडीला, हात जराही न हलवता, कमीत कमी अकरा दिवस.